वापरातल्या खुर्च्या मोजा

आर्थिक वर्ष संपत आलं की साहित्य वाटप शिबिरांचा हंगाम सुरू होतो. मंगल कार्यालय किंवा शाळेचं पटांगण, मंडप, फ्लेक्स, ओळीने मांडलेल्या शंभर व्हीलचेअर आणि त्यांच्या पाठीवर छापलेलं देणगीदार कंपनीचं नाव. सकाळी नऊला बोलावलेली माणसं दुपारपर्यंत पाहुण्यांची वाट बघत बसतात. मग भाषणं होतात, मग एकेकाला खुर्चीत बसवून फोटो. त्या शंभरांपैकी किती जण सहा महिन्यांनी त्याच खुर्चीतून, कुणाला हाक न मारता, घराबाहेर पडतात? हा आकडा बहुतेक संस्थांच्या वार्षिक अहवालात सापडत नाही. अपंग व्यक्तींसाठी काम करणाऱ्या संस्थेचं मोल याच आकड्यावरून ठरावं, असं आमचं ठाम मत आहे. वाटपाचा आकडा संस्थेने किती खर्च केला ते सांगतो. कुणाचं जगणं किती मोकळं झालं, हे त्यातून कळत नाही.

आधी त्या खुर्चीकडेच नीट बघू. शिबिरात मिळते ती बहुधा एकाच मापाची असते : बैठक १८ इंच रुंद, ताणून बसवलेलं रेक्झिन, घडी होणारा लोखंडी सांगाडा, वजन १८ ते २० किलो. मुळात ही रुग्णालयातली खुर्ची आहे. पेशंटला वॉर्डातून एक्स-रेपर्यंत न्यायचं, ढकलायला वॉर्डबॉय, बसणं फार तर अर्धा तास, एवढ्याच कामासाठी ती बनलेली असते. आपण ती अशा माणसाला देतो ज्याला त्यात रोज आठ-दहा तास काढायचे आहेत आणि स्वतःच्या हातांनी चालवायची आहे.

मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखाली संवेदना गेलेल्या एखाद्या बारीक अंगाच्या बाईचं उदाहरण घ्या. तिच्या नितंबांची रुंदी १४ इंच आहे. १८ इंची बैठकीत दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच मोकळे राहतात. धड सावरणारे स्नायू साथ देत नाहीत, म्हणून ती एका अंगाला कलते आणि सगळा भार एकाच बाजूच्या बैठकीच्या हाडावर, म्हणजे बसताना नितंबाखाली टेकणाऱ्या हाडावर, येतो. चाकं अंगापासून लांब पडल्याने हात पसरून ती ढकलावी लागतात, आणि पाय गेल्यावर ज्यांच्यावर सगळी भिस्त ते खांदे काही वर्षांत दुखायला लागतात. रेक्झिन हळूहळू झोळीसारखं खाली जातं, मांड्या आत वळतात, कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो. पायाची फळी खूप खाली असेल तर पाय लोंबकळतात, शरीर पुढे घसरतं आणि माकडहाडावर घासत राहतं. फळी खूप वर असेल तर गुडघे उचलले जातात आणि मांड्यांनी पेलायचा भार बैठकीच्या हाडांवर जातो. संवेदना शाबूत असती तर ती दहा मिनिटांत चुळबुळ करून सरकून बसली असती. पण दुखतंय हेच कळत नाही. कळतं तेव्हा कातडी काळवंडलेली असते आणि आत खड्डा पडायला सुरुवात झालेली असते. चिघळलेला बेडसोर भरून यायला महिने लागतात, ते महिने पालथं किंवा कुशीवर पडून काढावे लागतात, आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरला तर जीवही जातो. म्हणजे मदत म्हणून दिलेली वस्तूच माणसाला पुन्हा अंथरुणात लोटते.

हे टाळायचं कसं, यात गूढ काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली, साधनं तुटपुंजी असलेल्या देशांचा विचार करूनच, व्हीलचेअर देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या : गरजू व्यक्तीची नोंद आणि भेटीची वेळ, तपासणी, कोणती खुर्ची द्यायची याचा निर्णय, पैशांची सोय आणि मागणी, खुर्चीची जुळणी, माणूस बसवून बेतणं, वापराचं प्रशिक्षण, आणि शेवटी देखभाल, दुरुस्ती व पुन्हा भेट. आपल्याकडच्या बऱ्याच शिबिरांत यातली पहिली आणि चौथी पायरी पार पडते. सरकारी योजनेत मोजमापाचं आणि वाटपाचं अशी दोन वेगळी शिबिरं होतात, पण मोजमापाच्या रांगेत एका माणसाच्या वाट्याला पाच-सात मिनिटं आली तर त्यात मोजणार काय?

मापं तशी मोजकीच आहेत आणि त्यांना एक टेप पुरते. माणसाला कडक, सपाट बैठकीवर बसवायचं, पायाला आधार द्यायचा, रोजची चप्पल किंवा बूट घातलेले असावेत. नितंबांची सर्वांत रुंद जागा मोजायची : बैठक तेवढीच, फार तर इंचभर जास्त. नितंबांच्या मागच्या कडेपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत मोजायचं आणि त्यातून ३ ते ६ सेंटिमीटर वजा करायचे, ती बैठकीची खोली. डाव्या-उजव्या पायात फरक असेल तर लहान माप धरायचं. लवणीपासून टाचेपर्यंतचं अंतर म्हणजे उशीच्या वरच्या पृष्ठभागापासून पायाच्या फळीपर्यंतचं अंतर. इथे हमखास घोळ होतो, कारण उशी नंतर येते आणि फळी आधीच्याच उंचीवर राहते. पाठीची उंची माणसाला धड किती सावरता येतं त्यावर ठरवायची. ज्याला सावरता येतं आणि जो स्वतः चाकं ढकलतो, त्याच्या खुर्चीची पाठ खवाट्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या पसरट, हाडाखाली संपली पाहिजे, नाहीतर हात मागे जात नाहीत.

खुर्ची बेतून झाली की एक तपासणी राहते. ती करायला अर्धा मिनिट लागतो, पण शिबिरात ती होताना दिसत नाही. तपासणाऱ्याने माणसाला विचारून, त्याची संमती घेऊन, बोटांची टोकं उशी आणि बैठकीचं हाड यांच्या मध्ये सरकवायची. बोटं पाच मिलिमीटर तरी वरखाली हलली तर दाब सुरक्षित. हलत नाहीत पण सहज बाहेर निघतात, तर इशारा समजायचा. बोटं चिमटल्यासारखी अडकली तर त्या माणसाला त्या उशीवर बसवून घरी पाठवायचं नाही. दोन्ही बाजू तपासायच्या. ज्याला स्वतःला काही जाणवत नाही, त्याच्यासाठी ही बोटंच काम करतात.

उशीबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तिला अजून ‘जादा वस्तू’ समजलं जातं. संवेदना नसलेल्या माणसाला उशीशिवाय खुर्ची देणं ही सरळ हयगय आहे. चांगल्या फोमच्या उशीला खाली कडक थर आणि वर मऊ थर असतो, मागच्या भागात बैठकीच्या हाडांसाठी खोलगा कापलेला असतो, म्हणजे भार मांड्यांवर पसरतो. खोळ ताणणारी हवी. घट्ट शिवलेलं रेक्झिन चढवलं की खोलग्याचा उपयोगच संपतो. लघवीवर ताबा नसेल तर आत पाणी न झिरपणारा थरही लागतो. फोम रोजच्या वापराने बसतो. वर्षभरात तो अंगठ्याने दाबून बघायचा आणि तळ लागला तर बदलायचा. गादीवाल्याकडचा मऊ फोम आणून कापलेली उशी दिसायला छान असते आणि दोन महिन्यांत तिची भाकरी होते.

यापुढची पायरी शिकवण्याची. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर सरकणं, पुढची चाकं उचलून उंबरा ओलांडणं, उतारावर वेग धरून ठेवणं, पडल्यावर कुणाला कसं सांगून उठायचं, दर २०-३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून बैठकीवरचा भार थोडा वेळ हलका करणं, सकाळ-संध्याकाळ आरसा धरून कातडी बघणं. हे फिजिओथेरपिस्ट शिकवतो. पण दहा वर्षं खुर्ची वापरणारा माणूस शिकवतो तेव्हा त्याचं वजन वेगळं असतं. कॅथेटर लावून एसटीचा प्रवास कसा करायचा, लग्नकार्यात संडासाची सोय कशी विचारायची, घरच्यांच्या अति काळजीला नाही कसं म्हणायचं, ही माहिती त्याच्याकडेच असते. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली. त्या स्वतः व्हीलचेअर वापरतात, आणि आपल्या प्रश्नावर आपणच संस्था काढायची हा पायंडा महाराष्ट्रात त्यामुळे भक्कम झाला. आज मात्र अनेक संस्थांमध्ये अपंग माणसं फक्त लाभार्थींच्या यादीत दिसतात, पगारपत्रकावर क्वचित आणि विश्वस्त मंडळात त्याहून क्वचित. खुर्ची वापरणाऱ्याला प्रशिक्षक म्हणून रीतसर मानधन देऊन नेमलं, तर नवख्याला शिक्षक मिळतो आणि जुन्याला नोकरी.

आणि घर? माप घेताना टेप घेऊन घरी कुणी जात नाही, म्हणून खुर्ची ओसरीवर येऊन थांबते. १८ इंची बैठकीच्या खुर्चीची बाहेरून रुंदी २५-२६ इंच भरते आणि संडासाचं दार अनेक घरांत दोन फुटांचं असतं. उताराचा नियम एकास बारा : जोतं दीड फूट उंच असेल तर रॅम्प १८ फूट लांब हवा. अंगणात तेवढी जागा नसते, मग गवंडी सहा फुटांत उरकतो, आणि त्या घसरगुंडीवरून एकट्याने चढता येत नाही, उतरताना माणूस तोंडावर आपटतो. जागा नसेल तर मध्ये पाच फुटांचा सपाट टप्पा ठेवून रॅम्प काटकोनात वळवता येतो. दाराची चौकट काढून पडदा लावला तरी तीन-चार इंच मिळतात. मोरीत एक कडी, कमोडशेजारी भिंतीत घट्ट बसवलेला एक पाइप, नळ हाताला येईल इतका खाली. असल्या कामांना खुर्चीच्या किमतीइतकाही खर्च येत नाही, पण त्यांनी माणूस पाणी प्यायला बिचकत नाही. संडासला न्यायला संध्याकाळी कुणी घरी येईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या बायका-पुरुष गावोगाव आहेत. स्वाभिमान हा मोठा शब्द वापरताना संस्थांनी आधी या गोष्टीकडे बघावं.

दुरुस्तीचा प्रश्न सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित. मागच्या २४ इंची चाकाला हवेचं टायर असेल तर ट्यूब सायकलच्या दुकानात मिळते. पंक्चर काढणाराही गावात असतो. अडतं ते पुढच्या लहान चाकापाशी. त्याच्या बेअरिंगमध्ये चिखल आणि केस जातात, चाक फिरेनासं होतं, खुर्ची एका बाजूला ओढायला लागते आणि शेवटी ते चाक धरणाऱ्या काट्याचा बोल्ट वाकतो. ब्रेक टायरवर दाबून बसतो, त्यामुळे हवा कमी झाली की ब्रेकही लागत नाही, आणि पलंगावरून सरकताना खुर्ची मागे पळते. असे अपघात होतात तेव्हा ‘ब्रेक खराब’ म्हणतात. बऱ्याचदा फक्त हवा भरायची असते. कोकणातल्या दमट हवेत लोखंडी सांगाडा एका पावसाळ्यात गंजतो. संस्थेने तालुक्यातला एक सायकलवाला निवडावा, त्याला दोन दिवस शिकवावं, एक पेटी द्यावी : ट्यूब, पुढची दोन चाकं, बेअरिंगचा एक जोड, ब्रेकचा संच, नट-बोल्ट, षटकोनी पाने. दर दुरुस्तीमागे त्याला ठरलेले पैसे संस्थेने द्यावेत. आणि जिल्ह्यात शक्यतो एकाच बनावटीच्या खुर्च्या द्याव्यात, म्हणजे एकीचा भाग दुसरीला बसतो. परदेशातून देणगीत आलेल्या, एकेक वेगळ्या बनावटीच्या जुन्या खुर्च्या इथेच अंगाशी येतात : भाग मिळत नाही आणि पाच हजारांच्या कामासाठी पन्नास हजारांची खुर्ची गोठ्यात पडते.

श्रवणयंत्राचंही तेच. लहान मुलाचा कान वाढतो, त्यामुळे कानातला साचा काही महिन्यांनी सैल होतो. सैल साच्यातून आवाज बाहेर निसटतो, परत यंत्रात शिरतो आणि शिट्टी वाजते. वर्गातली मुलं हसतात, मूल यंत्र काढून दप्तरात टाकतं. बटण सेल आठवड्या-दोन आठवड्यांत संपतात आणि तालुक्याला मिळतातच असं नाही. यंत्र देताना वर्षभराचे सेल आणि साचा बदलून देण्याची हमी दिली नसेल, तर मुलाची भाषा शिकण्याची सर्वांत मोलाची वर्षं वाया जातात.

यावर ठरलेला आक्षेप असा : काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं नाही का? काही जणांसाठी हे खरं आहे. ज्या आजोबांना महिन्यातून दोनदा दवाखान्यात न्यायचं आहे, बसल्यावर दुखलं तर जे सांगू शकतात, त्यांना शिबिरातली खुर्ची पुरते. पण दिवसभर खुर्चीत राहणाऱ्याला चुकीची खुर्ची देणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून आयुष्यभर चालायला लावणं. शिवाय अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत एक अट आहे : त्याच कारणासाठी सरकार, स्थानिक संस्था किंवा स्वयंसेवी संस्थेकडून गेल्या तीन वर्षांत मदत घेतलेली नसावी, बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ही मुदत एक वर्ष आहे. म्हणजे एखाद्या संस्थेने उत्साहात दिलेल्या चुकीच्या खुर्चीमुळे त्या माणसाचा सरकारी हक्कही तीन वर्षं अडकू शकतो. खुर्ची घेण्याआधी हे त्याला कुणी सांगतं का?

दुसरा आक्षेप पैशांचा. कंपन्यांना आकडा हवा असतो, पाठपुराव्याला पैसे कुणी देत नाही, असं संस्थाचालक सांगतात आणि ते खोटं नाही. पण कायद्याने हात बांधलेत ही समजूत चुकीची आहे. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) खर्चासाठी कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली जे नियम आहेत, त्यांत प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे, ती कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण सीएसआर प्रशासनावर. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेला आहे. म्हणजे घरी जाऊन खुर्ची तपासणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. चालू प्रकल्प म्हणून सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षंही काम करता येतं. मार्चअखेर सगळं वाटून मोकळं व्हायची सक्ती कुठे नाही. संस्थेने प्रस्तावातच हिशेब मांडावा. समजा ७ लाख रुपये आहेत : ७ हजारांच्या १०० खुर्च्या, किंवा ४० माणसांमागे साडेसतरा हजार, ज्यात मापाची खुर्ची, उशी, प्रशिक्षण, दोन घरभेटी आणि दुरुस्तीचा निधी बसवायचा. दुसरा प्रस्ताव लिहायला धाडस लागतं, कारण फोटोत माणसं कमी दिसतात. ते धाडस संस्थेने दाखवायचं नाही तर कुणी?

फोटोबद्दलही स्पष्ट बोलू. खुर्ची घेताना हात जोडलेला फोटो ही खुर्चीची किंमत असू नये. संमतीपत्रावर सही खुर्ची हातात पडण्याआधी मागितली तर ती संमती नसते. नाही म्हणणाऱ्यालाही खुर्ची मिळेल, हे आधी आणि मोठ्याने सांगायला हवं. पाठीवर देणगीदाराचं नाव रंगवणं बंद करा. आपल्या चष्म्यावर दुसऱ्याचं नाव कुणी मिरवत नाही. रंग निवडू द्या, हात टेकायच्या पट्ट्या काढता येणाऱ्या हव्यात का ते विचारा, आणि आईवडिलांना किंवा नवऱ्याला विचारण्याआधी वापरणाऱ्याला विचारा. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ ने सन्मान, समाजात राहण्याचा हक्क आणि स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याची कायदेशीर क्षमता मान्य केली आहे. संस्थेच्या दारात तो कायदा लागू नाही, असं वागून चालणार नाही.

शेवटचा मुद्दा संस्थेच्या मर्यादेचा. देशात २०११ च्या जनगणनेनुसार २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या, आणि २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. देणग्यांवर हा डोंगर हलणार नाही. तो हलवायची जबाबदारी सरकारची आहे. म्हणून संस्थेच्या कामाचा मोठा भाग हक्क मिळवून देण्याचा असावा : युडीआयडी कार्ड (अपंग व्यक्तीचं सरकारी ओळखपत्र), सिव्हिल हॉस्पिटलमधलं प्रमाणपत्र, नाकारलेल्या अर्जावर लेखी कारण मागणं. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. अनेक गावांत तो वर्षअखेरीस थोडी थोडी रक्कम वाटून किंवा घाईत केलेल्या वस्तूखरेदीत संपतो. संस्थेने गावातल्या अपंग माणसांचा गट बांधावा, अंदाजपत्रकाच्या ग्रामसभेआधी त्यांच्यासोबत बसून यादी करावी : रेशन दुकानाच्या पायरीला नियमातला रॅम्प, ग्रामपंचायतीत रुंद दाराचा एक संडास, सायकलवाल्याकडच्या पेटीतले संपलेले भाग. प्रत्येक कामाचं माप आणि गवंड्याचा अंदाज सोबत जोडावा, अर्जावर त्या गटाच्याच सह्या असाव्यात, आणि ग्रामसभेत बोलायला उभं राहताना माइक संस्थेच्या कार्यकर्त्याने हातात घेऊ नये.